पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून

आयर्लंड देशातील खेडेगावात एक रात्र कोठे काढावी, हा प्रश्न गेल्या वर्षी दिवाळीआधी शहापूरच्या आमच्या घरात उपस्थित झाला, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत घरातले इतर सर्व निर्णय स्थगित ठेवण्यात आले. स्थगित निर्णयांत माझ्या चष्म्याची मोडकी दांडी होती आणि रुखमिणीच्या फोनला द्यायचं उत्तरही होतं.

रुखमिणी माझी नणंद. पवनीकडच्या कोंढ्याला दिलेली. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते; बाजार, दंडारीचे खेळ, नाटक, आणि गावातून लग्न होऊन गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी. माझं लग्न झालं त्या वर्षापासून रुखमिणी मंडईला येत आली. पूर्वी ओसरीत धानाची तणस पसरायची, वर सतरंज्या टाकायच्या, की झाली सोय. किती माणसं निजली हे सकाळी चहाचे कप मांडतानाच कळायचं. आम्ही दोघी कडेला, भिंतीशी. वर्षभराचं बोलणं त्या एका रात्रीत व्हायचं. आता ती ओसरी नाही. तिच्या जागी वर-खाली खोल्यांचा बंगला आहे, आणि त्यात खास पाहुण्यांसाठी बांधलेली एक खोली आहे. पाहुण्यांची खोली झाल्यापासून आमच्याकडे पाहुणे राहत नाहीत.

याला माझा मुलगा भुपेंद्र धोरण म्हणतो. तो सरकारी खात्यात अधिकारी आहे आणि घरातही धोरणाशिवाय पाणी पीत नाही. पाहुण्यांची घरात गैरसोय होऊ नये म्हणून त्यांना घरात ठेवायचं नाही, तर हायवेवरच्या पेट्रोल पंपाशेजारच्या लॉजवर ठेवायचं, असं ते धोरण आहे. त्याआधीच्या मंडईला रुखमिणीलाही लॉजवर ठेवलं. सकाळी येऊन पोहे खाल्ले आणि दुपारच्या एसटीने गेली. म्हणून गेल्या वर्षी मंडईआधी तिचा फोन आला.

"वहिनी, मंडईले येऊ का नको?"

"ये नं. विचारतेस काहून?"

"निजाचं कुठं, म्हनून इचारलं."

मी भुपेंद्रला विचारलं. तो म्हणाला, "आई, आत्याचा विषय नंतर घेऊ. आधी आयर्लंडचं होऊ दे."

आयर्लंडला माझा नातू निकेश नोकरीला आहे. उन्हाळ्यात सगळ्यांनी तिकडे जायचं ठरलं होतं. सगळ्यांत भुपेंद्र, सूनबाई शुभांगी, आणि 'इतर' या सदरात मी. शहरात निकेशची खोली होती. पण एक रात्र अस्सल खेड्यात काढल्याशिवाय देश कळत नाही, असं शुभांगीचं मत पडलं. ती कॉलेजात शिकवते, त्यामुळे तिची मतं पडतात आणि आम्हाला ती उचलून घ्यावी लागतात.

रोज जेवणानंतर टेबलावर बैठक बसे. हॉटेल पहिल्याच बैठकीत बाद झालं. "इतक्या दूर जाऊन हॉटेलात राहायचं असेल तर हायवेवरचा लॉज काय वाईट?" असं शुभांगी म्हणाली, आणि हे आपण काय बोललो याकडे तिचं लक्ष गेलं नाही. मग एक किल्ला निघाला. त्याच्या भिंती ओल्या आहेत असं कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं. दीपगृह निघालं, तिथे जिने फार. शेवटी एका डोंगराच्या पायथ्याचं घर सापडलं आणि दोघांचे चेहरे उजळले.

घर मॉरीनबाई नावाच्या एका म्हातारीचं होतं. जाड मातीच्या भिंती, गवताचं छप्पर, चुलीत जळणारा विस्तव, मागे गोठा, अंगणात कोंबड्या. गाईच्या हंबरण्याचा आवाज खोलीत येतो, हे त्या घराचं वैशिष्ट्य म्हणून ठळक लिहिलं होतं. गवताची गादी हवी असल्यास वेगळे पैसे.

"किती अस्सल," शुभांगी म्हणाली. "बाई स्वतः स्वयंपाक करतात आणि पाहुण्यांसोबत चुलीपाशी गप्पा मारत बसतात. असं आता कुठे राहिलंय?"

मी म्हटलं, "कोंढ्याला राहिलंय."

बैठकीने माझ्या विधानाची नोंद घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी निकेशने मॉरीनबाईंना फोन केला आणि त्यांची अट कळवली. त्या अनोळखी माणसांना ठेवत नसत. येणाऱ्याच्या घरी अलीकडे कुणी पाहुणा रात्री राहिला असेल, तर त्या पाहुण्याशी त्यांना बोलायचं असे. ज्याला पाहुणा ठेवता येत नाही त्याला पाहुणा होताही येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

भुपेंद्रने पेन काढलं आणि आमच्याकडे शेवटचं कोण राहिलं होतं ते आठवू लागला. शुभांगीची मावशी लॉजवर राहिली होती. माझा भाचा टेकचंद लॉजवर. भुपेंद्रचा कॉलेजातला जिवलग मित्र कैलाश रात्री जेवायला आला, पाऊस लागला, तरी त्यालाही छत्री देऊन लॉजवर पोचवलं होतं. बोअरवेल खोदणारे दोघे रात्रभर आवारात होते, पण ते मशीनखाली झोपले होते.

"लॉजवाल्याचं चालेल का?" भुपेंद्रने फोनवर विचारलं. "आमचे सगळे पाहुणे त्याच्याकडेच असतात. तो लिहून देईल."

"बाबा, ते लॉजचं होईल, आपलं नाही," निकेश म्हणाला.

"मग आई बोलतील की," शुभांगी म्हणाली. "आई रोज रात्री इथेच झोपतात."

"आजी पाहुणी आहे का?"

यावर बराच वेळ चर्चा झाली. आई ही पाहुणी या प्रवर्गात येते किंवा कसे, याबद्दल दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे मांडले गेले. मी समोरच बसून लसूण सोलत होते. शेवटी मॉरीनबाई अशा गोष्टी पटकन ओळखतात असं निकेशने सांगितल्यामुळे मला घरातली व्यक्ती म्हणून कायम ठेवण्यात आलं.

त्याच संध्याकाळी भुपेंद्रने स्वतः रुखमिणीला फोन लावला.

"आत्या, मंडईला यायचंच. नाही म्हणायचं नाही."

"लॉजवर मले झोप येत नाही बाप्पा."

"लॉज कशाला? आपलं घर आहे ना."

मग रुखमिणीने हळूच विचारलं, "भुपेंद्र, खरं सांग. वहिनी बिमार आहे का?"

त्यानंतरचे दिवस घरात निवडणुकीसारखे गेले. पाहुण्यांची खोली उघडली. तिथल्या पलंगावर इस्त्रीचे कपडे, चालण्याचं बंद पडलेलं यंत्र आणि दिवाळीत आलेले, पुढच्या दिवाळीत दुसऱ्यांना द्यायचे डबे होते. ते सगळं माझ्या खोलीत आलं. पांढरी शुभ्र चादर अंथरली गेली. शुभांगीने व्हिडिओ पाहून टॉवेलचा हंस बनवला आणि पलंगाच्या मधोमध बसवला. न्हाणीघराच्या दारावर सूचना लागली: फरशी कोरडी ठेवावी. आरशाजवळ दुसरी: टिकली आरशाला चिकटवू नये. रुखमिणीला वाचायचा चष्मा नव्हता, म्हणून भुपेंद्रने दोन्ही सूचना तिला वाचून दाखवायचं ठरवलं.

ती आली ती लाखोळीची डाळ आणि नव्या धानाचे पोहे बांधून घेऊन. खोलीच्या दारात उभी राहिली.

"इथं कोन निजते?"

"तुम्ही, आत्या," शुभांगी म्हणाली.

"अन् वहिनी?"

"त्या त्यांच्या खोलीत."

"मंग मी मंडईले आली का दवाखान्यात भरती झाली?"

तिला पलंगावर बसवून फोटो काढला. चादर चुरगळू नये म्हणून फोटो होताच उठवलं. मग दर थोड्या वेळाने भुपेंद्र येऊन विचारू लागला. "आत्या, चहा कसा वाटला?" "आत्या, उशी बरोबर आहे?" "आत्या, एकंदर समाधान आहे ना?" बाहेर मंडई भरली होती, पाळण्यांचे भोंगे वाजत होते, आणि आत रुखमिणीला उत्तरं पाठ करवली जात होती. "कुठे झोपलात असं विचारलं की काय म्हणाल?"

"निजल्यावर सांगीन नं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे तिकडच्या सकाळी, टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर मॉरीनबाई दिसू लागल्या. पिकलेले केस, अंगात लोकरीची बंडी, मांडीवर मांजर. निकेश दुसऱ्या चौकटीत दुभाषा म्हणून बसला होता. मधल्या सोफ्यावर रुखमिणी, तिच्या दोन बाजूंना अंगरक्षकांसारखे भुपेंद्र आणि शुभांगी. सोफ्यावर जागा नव्हती म्हणून मी दाराशी स्टुलावर.

मॉरीनबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "रात्री कुठे झोपलात?"

"खाली. वहिनीच्या खोलीत सतरंजी टाकून. दोघी बोलत पडलो."

"पलंग नव्हता?"

"होता नं, मोठा. पन त्यावर हंस बसून होता. त्याले उठवाचं काहून?"

भुपेंद्र खाकरला. शुभांगीने रिमोट शोधायला सुरुवात केली. निकेशने मात्र जसंच्या तसं भाषांतर केलं. परदेशात काही वर्षं काढल्याने त्याला अशा सवयी लागल्या आहेत.

"तुमचा भाचा तुमची काळजी घेतो का?"

"लय भला पोरगा आहे," रुखमिणी मनापासून म्हणाली. "कालपासून इचारून राहिला, आत्या समाधान आहे का, आत्या समाधान आहे का. माह्या नवऱ्यानं जलमात नाही इचारलं. मागच्या साली लॉजवर ठेवलं होतं, तवा रिक्षा बी करून देल्ली होती."

"लॉजवर? कशासाठी?"

"माही गैरसोय होऊ नये म्हनून."

हे वाक्य निकेशने सांगितलं तेव्हा मॉरीनबाईंनी मांजर खाली ठेवलं. मग शेवटचा प्रश्न विचारला: पुन्हा या घरी राहायला याल का?

रुखमिणी हसली. "हे का इचारनं झालं? माहेर आहे माहं. येईन नं." मग तिने भुपेंद्रकडे पाहिलं आणि आवाज न बदलता पुढे म्हणाली, "बोलावलं त."

निकाल तिथल्या तिथे लागला. दोन्ही म्हाताऱ्यांनी केव्हाही यावं, चुलीपाशी जागा आहे, सतरंजी मात्र सोबत आणावी, असं मॉरीनबाई म्हणाल्या. बाकीच्यांसाठी गावाबाहेर हमरस्त्यावर पेट्रोल पंपाशेजारी एक चांगला लॉज आहे. अशा मंडळींना त्या नेहमी तिथेच पाठवतात. त्यांची गैरसोय होऊ नये म्हणून.

त्यानंतर आठवड्याभरातच मला लांबचा प्रवास झेपणार नाही असं ठरलं. भुपेंद्र आणि शुभांगी उन्हाळ्यात जाऊन आले. पेट्रोल पंपाशेजारच्या लॉजमधून त्यांना डोंगर दिसला. मॉरीनबाईंच्या घरासमोर उभं राहून काढलेला त्यांचा फोटो बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. फोटोत दार बंद आहे, पण फ्रेम चांगली आहे.

या अनुभवातून भुपेंद्र शिकला. आपल्याकडे अनुकूल पाहुण्यांचा तुटवडा आहे, हे त्याच्या लक्षात आलं. परदेशी जाणारी मुलं आता गावोगाव आहेत, आणि तिकडे अशी अट घालणाऱ्या मॉरीनबाईही बऱ्याच निघाल्या, तेव्हा ही अडचण एकट्या आमची नव्हती. त्याने नातेवाइकांत परस्पर मुक्कामाची योजना सुरू केली. तुम्ही आमच्याकडे एक रात्र, आम्ही तुमच्याकडे एक रात्र, आणि दोघांनी एकमेकांबद्दल चांगलं बोलायचं. योजना झपाट्याने पसरली. यंदाच्या मंडईला आमच्याकडे वर्दळ होती. पाहुणे येतात, हंसाशेजारी बसून फोटो काढतात, "घरच्यासारखं वाटलं" असं मोबाइलमध्ये बोलून ठेवतात. मग चादर चुरगळायला नको म्हणून झोपायला लॉजवर जातात.

रुखमिणीला या योजनेत घेतलं नाही. ती खरं बोलते, हे एकदा सिद्ध झालं होतं.

यंदाही तिचा फोन आला. "वहिनी, येऊ का नको?" या वेळी मी कुणाला विचारलं नाही. ये म्हटलं. माझी खोली तर चालण्याच्या यंत्राने भरलेली, आणि यंदाच्या डब्यांची भर पडल्यावर सतरंजीपुरतीही जागा उरली नव्हती. ते सामान परत हलवायचं नाही असं धोरण होतं. म्हणून मंडईच्या दिवशी मी सतरंजी काखेत मारली, एसटी स्टँडवरून रुखमिणीला घेतलं आणि दोघी लॉजवर गेलो. काउंटरवरच्या माणसाने मला ओळखलं.

"आजी, तुमचं घर त इथंच आहे नं?"

"म्हणूनच आली," मी म्हटलं.

शेवटची खोली मिळाली. बाकी सगळा लॉज भरला होता, आणि बहुतेक सगळी म्हातारी माणसं होती. आम्ही पलंग भिंतीला सरकवला आणि सतरंजी टाकली. दार उघडंच ठेवलं, तसं शेजारच्या खोलीतल्या एक बाई डोकावल्या. हातात चिवड्याचा डबा होता. म्हणाल्या, भाच्याकडे मंडईला आले आहे, भाच्याचं घर मोठं आहे. जागा करून त्यांनाही सतरंजीवर घेतलं.

वाचकहो, त्यांनी तुमचंच नाव सांगितलं. तक्रार काही केली नाही हो. पोरगा भला आहे, म्हणाल्या. रिक्षा करून दिली.