दोन तलवारींचा पुरावा

ब्रँडीच्या ग्लासातली चेरी ज्या प्लास्टिकच्या तलवारीला टोचलेली असते, ती बोटाएवढी लांब असते, तिची मूठ लाल असते आणि टोक कोणाला इजा होऊ नये इतपत बोथट केलेलं असतं. तळ्याकाठच्या क्लबात गिऱ्हाईक चेरी खाऊन तलवार रुमालावर ठेवतं. तिसरा ग्लास आणताना बारवाला पहिली तलवार उचलून नेतो, चौथा आणताना दुसरी. समोर पसारा नको, एवढाच हेतू. त्यामुळे विस्कॉन्सिनच्या आमच्या परगण्यात कोणाहीसमोर दोनपेक्षा जास्त तलवारी कधी दिसलेल्या नाहीत.

मोजमापाशिवाय न्याय होत नाही, हे सर्वांना मान्य आहे. परगण्याचं मोजमाप हेच. गेल्या हिवाळ्यात पोलिसांनी थांबवलेल्या प्रत्येक वाहनचालकाने दोनच घेतल्याचं सांगितलं. इतकी एकवाक्यता प्रयोगशाळेत मिळाली असती तर उपकरण बिघडलंय का, ते आधी तपासलं असतं. इथे तिला चारित्र्य म्हणतात. (वाचकांनी आपलाही आकडा आताच मनात धरून ठेवावा.)

गॉर्डी वाखहोल्ट्झ हाही दोनच घेऊन निघाला होता. तळं गोठलं की त्यावरून स्नोमोबिलची, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या गाडीची, वाट आखतात. ती एका क्लबापासून दुसऱ्या क्लबापर्यंत जाते, कारण बर्फात माणसाला मधेमधे ऊब लागते. गॉर्डीने वाट सोडली आणि स्नोमोबिल थेट नोरीन प्रिबिलच्या, मासे धरायला गोठलेल्या तळ्यावरच उभारलेल्या खोपटीत घातली. नोरीन आत बर्फाला पाडलेल्या भोकात गळ टाकून बसली होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. (मासा मात्र सुटला, असं गॉर्डीने क्लबात सांगितल्यावर लोक हसले. लोक मनमोकळे आहेत.)

पायाची भरपाई दोन्ही बाजूंनी आपसात ठरवली. ज्यूरीपुढे एकच प्रश्न उरला : गॉर्डीला वर दंड करायचा का? कायदा म्हणतो, दुसऱ्याचा जीव धोक्यात आहे हे ठाऊक असूनही ज्याने पर्वा केली नाही, त्याला दंड करावा. नोरीन साक्षीत एवढंच म्हणाली, "पायाचं मिटलं. पण सगळे म्हणतात 'झालं'. झालं नाही, त्याने केलं. एवढं कोणीतरी मोठ्याने म्हणा."

गॉर्डीच्या वकिलाने दोन मुद्दे मांडले. पहिला, गॉर्डी नशेत असल्याने त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दुसरा, त्याच्यासमोर दोनच तलवारी होत्या, सबब तो नशेत नव्हता. बारवाल्याने शपथेवर सांगितलं, "दोनच होत्या. मीच टेबल पुसतो." रक्ततपासणीत मद्य मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट निघालं होतं. पण यंत्र बाहेरगावचं होतं.

ज्यूरीतल्या बारापैकी दहाजणांचं एकमत लागतं. नऊजणांचं तासाभरात झालं : दंड नको. दोघे विरुद्ध होते. त्यांतली एक जन्मात दारूला न शिवलेली आणि दुसरा शिकागोहून राहायला आलेला, म्हणून दोघांनाही अनुभव नाही असं धरण्यात आलं. उरली अर्लिस ट्वेटन. ती कापडाचं दुकान चालवते, दर शुक्रवारी क्लबात तळलेला मासा खाते आणि दोन ब्रँड्या घेऊन स्वतः गाडी चालवत घरी जाते. (तलवारी मोजाव्यात.) मत द्यायची वेळ आली की ती म्हणे, "थांबा जरा." असं म्हणता म्हणता शुक्रवार उजाडला.

ज्यूरीचा प्रमुख डुएन श्लिमगेन हार्डवेअरवाला. तो म्हणाला, "अर्लिस, बाई माझे, साडेपाचला टेबल सांगून ठेवलंय. आवर आता."

"मला एवढंच सांग," अर्लिस म्हणाली, "तो शुद्धीत होता की नशेत?"

"नशेत होता बिचारा. शुद्धीत असता तर असं करेल का गॉर्डी? त्याच्या आईला ओळखतेस ना तू?"

"दोन ग्लासांत एवढी नशा?"

"दोनच घेतल्या होत्या त्याने. शपथेवर सांगितलंय."

"मग शुद्धीत होता."

"अगं, नशेत होता म्हणतोय ना मी!"

"मग दोन नव्हत्या."

परगण्यात माणसं एकमेकांना चोर म्हणतात, पण हे वाक्य कोणी कोणाला म्हणत नाही.

ज्यूरीतली बर्निस गेबेल म्हणाली, "आज त्याच्या तलवारी मोजल्यास तर उद्या आपल्या मोजतील. आणि तू काय गं, बसने जातेस घरी?"

एक-दोघे हसले. अर्लिसने खिशातल्या गाडीच्या किल्लीवर हात ठेवला. "लिहा माझं नाव," ती म्हणाली.

दहा झाले. न्यायाधीश ऑस्टबी यांनी निकाल वाचला : दंड नाही. गॉर्डीने आईला मिठी मारली. नोरीन कुबडी बाकाला टेकवून बसून होती. निकाल ऐकून ती रडली नाही, कोणाकडे रागाने पाहिलंही नाही. पिशवीतून हातमोजे काढून तिने ते एकेक बोट नीट बसवत घालायला घेतले, कारण बाहेर पुन्हा बर्फ होता आणि तिला त्यावरून चालायचं होतं.

नोरीनचा वकील उठून म्हणाला, ज्यूरीतल्या प्रत्येकाला उघड विचारावं. कायद्यात तशी सोय आहे. एकजण फिरला तरी दहाचे नऊ होतात आणि सगळं पुन्हा सुरू करावं लागतं. आमच्याकडे कोणी फिरत नाही, म्हणून हा निव्वळ शिष्टाचार मानतात. नावं पुकारली जाऊ लागली. डुएन "होय" म्हणाला आणि त्याने घड्याळ पाहिलं. बर्निस "होय" म्हणाली. विरुद्ध असलेले दोघे "नाही" म्हणाले, तिकडे कोणी लक्ष दिलं नाही.

"अर्लिस ट्वेटन. हा निकाल तुमचा आहे का?"

अर्लिस उभी राहिली. डुएनने कोट हातात घेतला.

"अर्लिसबाई?"

"नाही," ती म्हणाली. "त्याने केलं. आणि दोन कोणीच घेत नाही."