ज्वालाकेतूचा बारावा मृत्यू

येत्या रविवारी ज्वालाकेतूला कायमचा संपवायचा आणि कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही, असं जीवनने मनाशी पक्कं ठरवलं.

ज्वालाकेतू म्हणजे तळहातातून आगीचे लोळ सोडणारा हिंदी कॉमिक्समधला वीर. जीवन पंचवीस वर्षं त्याचे अंक वाचत होता आणि वलगावच्या पार्बतामावशीला वाचूनही दाखवत होता. या आईवेगळ्या पोराला मावशीनेच वाढवलं. आधी ती कोबीत निंदण करायची नि हा शेताच्या धुऱ्यावर बसून वाचायचा. पुढे मावशीची नजर गेली, जीवन अकोल्यात गणिताचा मास्तर झाला, तेव्हापासून दर रविवारी फोनवर वाचन, तेही हिंदीचं वऱ्हाडी करून.

पण आता त्याचा धीर सुटला होता. ज्वालाकेतू अकरा वेळा मेला आणि अकराही वेळा परत आला! कधी मेलेला तो जुळा भाऊ निघे, कधी मेणाचा पुतळा, एकदा तर सगळं स्वप्नच. वाचक म्हणजे काय बैलोबा वाटले या लेखकांना?

म्हणून नवा अंक न आणताच त्याने फोन लावला आणि भिंतीकडे बघत मनानेच वाचलं. ज्वालाकेतू समुद्रात बुडाला, विझला, मेला. पळवाट राहू नये म्हणून केतूच्या बायकोकडून प्रेताची ओळख पटवली, भडाग्नी दिला आणि अस्थी थेट कौंडण्यपूरला नेऊन वर्धा नदीत सोडल्या. मग सुटलो बुवा म्हणत तो पोटभर जेवला.

तिकडे मावशीने जेवण सोडलं. आजवरच्या मरणांत कुणी अस्थी सोडल्या नव्हत्या, म्हणून तिने ती मनावर घेतली नव्हती. या वेळी मात्र तिने रीतसर सुतक धरलं. डोक्याला तेल नाही, देवाजवळ दिवा नाही. शेजारच्या बाया भेटायला येऊ लागल्या. मंगळवारी तिची लेक मंजुषा फोनवर रडकुंडीला आली.

"दादा, माय दोन दिसापासून निऱ्या चहावर हाये. डाक्टर मनते, शुगर लय खाली गेली. आता तूच काई कर."

नव्या अंकात उसनी घेण्यासारखी एखादी थाप असेलच, म्हणून जीवन धावत बसस्टँडजवळच्या पुस्तकवाल्या देवानंदकडे गेला. देवानंदने शांतपणे सांगितलं की ते कॉमिक्स या नव्या अंकानंतर बंद पडलं. शेवटच्या अंकात वीर मेला. लेखकही कंटाळले होते म्हणे.

म्हणजे तेसुद्धा सुटले! अडकला तो एकटा जीवन. त्याने तिथेच उभ्या उभ्या मावशीला फोन लावला. इतकी वर्षं लेखकांची अक्कल काढणाऱ्या मास्तराला स्वतःला एक धड कारण सुचेना.

"मावशी, नवा अंक आला. बुडाला तो केतू नव्हता. त्याचा जुळा भाऊ होता."

"जुळा तं चवथ्या वक्ती मेला ना रे?"

"हा तिसरा. तिळे होते ते."

सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पलीकडे मावशीने मंजुषाला भाकर वाढायला सांगितली. तिचं खाणं फोनवर ऐकू येत होतं आणि जीवन डोळे पुसत होता. चार घास झाल्यावर ती म्हणाली, "लिवनारा थकला दिसते रे बापा. आजचं काई जमलं नाई त्याले. पन त्याले सांगजो, मी हावो तवरिक केतूले मारू नोको."

"सांगतो," जीवन म्हणाला.

मावशीला आता चौऱ्याहत्तरावं लागलंय. तिची आई एकशे दोन वर्षांची होऊन गेली.