मावशींच्या प्रकृतीची विचारपूस

माणूस दुसऱ्याची विचारपूस करतो, हाच त्याच्यात आणि जनावरात फरक. जनावर विचारत नाही. दुखणाइताजवळ नुसतं जाऊन बसतं. म्हणूनच जनावरांची आजवर कुठे कचेरी निघालेली नाही.

त्या चार मजली कचेरीत मात्र सौजन्याचं परिपत्रक निघालं. सकाळी जो समोर येईल त्याला हसून 'कसे आहात?' असं विचारावं, लहानमोठा भेद करू नये (झाडूवालीलासुद्धा विचारावं, असं कंसात होतं). झाडूवाली मावशी बावीस वर्षं तिथले जिने पुसत होती. तेवढ्या काळात 'बाजूला हो' याखेरीज तिच्याशी फारसं कुणी बोललं नव्हतं. लिफ्ट होती, पण बादली घेऊन लिफ्टमध्ये शिरणं इतरांच्या कपड्यांच्या दृष्टीने अशिष्ट ठरलं होतं. तेव्हा मावशी, बादली आणि उजवा गुडघा असे तिघे जिन्याने चढत. गुडघा सगळ्यांत शेवटी पोचे.

पहिल्याच दिवशी मोठे साहेब जिन्याशी थांबले. "कशा आहात मावशी?"

मावशी भाबडी. तिला वाटलं, विचारतायत. बादली खाली ठेवून म्हणाली, "काय सांगू साहेब, गुडघा पार गेलाय. वरचा मजला दुसऱ्या कुणाला द्या आणि मला तळमजला द्या. तेवढं बघा."

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते आवरायला त्यांना दोन पायऱ्या लागल्या.

दुपारी हेडक्लार्कने तिला बोलावलं. माणूस सुसंस्कृत, बसायला खुर्ची दिली नाही, पण न दिल्याबद्दल क्षमा मागितली.

"अहो मावशी, साहेबांना काय सांगत बसलात?"

"त्यांनीच विचारलं की."

"विचारलं म्हणजे सांगायचं असतं होय? कुणी 'जेवून जा' म्हटलं की लगेच हात धुऊन बसता का?"

"भूक असली तर बसते."

हेडक्लार्कने डोळे मिटून घेतले. मग समजावलं, "'मजेत' म्हणायचं. त्यात तुमचाही मान राहतो, आमचाही. गुडघ्याचा वेगळा अर्ज करा."

घरी सुनेने अर्ज लिहून दिला. "कागदाला गुडघे नसतात, आत्याबाई," ती म्हणाली. "तो भराभर चढेल." त्याला चार मजले चढायला पाच महिने लागले.

दरम्यान मावशी शिकली. परिपत्रकाबरोबर नेमलेल्या सौजन्य समितीच्या नोंदीप्रमाणे तिला रोज सरासरी एकतीस वेळा विचारलं जाई आणि एकतीस वेळा 'मजेत' हे उत्तर मिळे. एकदा तिसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा पाय निसटला. अर्धा तास ती पायरीवरच बसून होती. तेवढ्या वेळात सातजण गेले. सातही जणांनी विचारलं, सातही जणांना 'मजेत' ऐकायला मिळालं. प्रत्येकाने आधी माफी मागितली, मगच तिला ओलांडलं. (एकाने आधी ओलांडून मग मागितली. त्याला समज देण्यात आली.)

शेवटी अर्जाचा निकाल लागला. समितीने लिहिलं: 'अर्जदार बाईंनी पाच महिन्यांत तीन हजार आठशे पंच्याहत्तर वेळा आपण मजेत असल्याचं स्वतःच्या तोंडाने सांगितलं आहे, पैकी सात वेळा पायरीवर बसून. गुडघा दुखत असल्याचं तोंडी एकदाच सांगितलं आहे. सबब तळमजल्याची गरज दिसत नाही.' सोबत तिला सौजन्याचं मानपत्र दिलं. ते घरी नेऊन हरवू नये म्हणून चौथ्या मजल्यावर टांगलं, आणि त्याची काच रोज पुसायचं काम तिच्याकडेच आलं.

"साहेब," मानपत्राच्या समारंभात साहेबांचं भाषण चालू असताना मावशी म्हणाली, "खरं काय ते एकदाच विचारलं असतंत, तरी चाललं असतं."

समितीने हे वाक्य नोंदवलं नाही. आभाराच्या भाषणात मध्येच बोलणं बरं दिसत नाही.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटलं असेल. सभ्य माणसाला वाटतंच. पण तुम्ही सगळं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलंत. ती पायरीवर बसली होती तेव्हासुद्धा 'अरे, तिला कुणी हात द्या रे' असं एकदाही ओरडला नाहीत, पुढच्या ओळीवर गेलात. तेही तिला ओलांडूनच.

समितीत एक जागा रिकामी आहे. अर्ज करायची गरज नाही.