कोकमची फुंकर

कोकम माझ्याशी जो पहिला शब्द बोलली तो "प्लास्टिक".

कॅनडात, रेजिनातला तो माझा पहिला हिवाळा. कॉलेज सांभाळून मी एका जुन्या कपड्यांच्या दुकानात नुकतीच पार्टटाइम लागले होते. सकाळी कुडकुडत आत शिरले, तर एका ठेंगण्या म्हातारीनं दारातच माझ्या जॅकेटचं हूड पकडलं. हूडच्या कडेची लव बोटांनी दुभंगली आणि गरम दुधावर घालावी तशी तिच्यावर फुंकर घातली. आत डोकावली. तोंड वाकडं केलं. "प्लास्टिक."

ते जॅकेट घ्यायला मी दहा दुकानं पालथी घातली होती. पण मी एरवीही फारसं बोलत नाही. तिनंच माझी पाठ थोपटली. "ऊब येते ना, नोसिम? मग झालं."

नोसिम म्हणजे नातवंड, आणि कोकम म्हणजे आजी. ती इथल्या मूळ रहिवाशांपैकी, क्री जमातीची, पार उत्तरेकडच्या गावातली. तिच्या भाषेतला हा शब्द सगळ्या दुकानानं उचलला होता. मॅनेजर ब्रेंडासुद्धा तिला कोकमच म्हणायची. मी फोनवर आईला सांगितलं तर आई म्हणाली, "अगं, एवढ्या मोठ्या बाईला काय आमसुलाच्या नावानं हाक मारता?"

मंगळवारी दुकानात म्हाताऱ्या माणसांना डिस्काउंट असायचा. कोकम दर मंगळवारी दुकान उघडताच हजर व्हायची आणि डिस्काउंट एकदाही वापरायची नाही, कारण ती काही विकतच घ्यायची नाही. तडक मागच्या रॅककडे जायची. तिथे फरचे कोट टांगलेले असत. इथल्या आज्या वारल्या किंवा वृद्धाश्रमात गेल्या की त्यांचे कोट आमच्याकडे यायचे. नातींना ते नको असायचे.

कोकम एकेक कोट हातात घ्यायची, फुंकर घालायची आणि जनावर ओळखून निकाल द्यायची. "बीव्हर." "मिंक. पिंजऱ्यातला, आळशी." "ससा. वर रंगवलाय. लाज नाही लोकांना."

ही फुंकर म्हणजे फरच्या धंद्यातली परीक्षा. वरचे लांब केस फुंकरीनं बाजूला झाले की खालची दाट लोकर दिसते. थंडी मुरायच्या आधी पकडलेल्या जनावराची लोकर विरळ असते; कोकमच्या भाषेत ते "अजून भरलेलं नाही". कडक हिवाळा काढलेलं जनावर "भरलेलं". माणसांनाही ती हेच माप लावायची. ब्रेंडाचा नवा बॉयफ्रेंड दुकानात येऊन गेला तेव्हा कोकम हळूच म्हणाली, "ऑक्टोबरचा माल. वरून चकाकतो, खाली काही नाही." ख्रिसमसच्या आत तो तिला सोडून गेला.

मस्करॅटचा कोट निघाला की मात्र तिचं वागणं बदलायचं. मस्करॅट म्हणजे दलदलीत राहणारी, पोहणारी घूसच म्हणा. त्या घुशींच्या कातड्यांचा कोट मांडीवर घेऊन ती बूट घालून बघायच्या स्टुलावर बसायची. पिशवीतून छोटी कात्री काढायची, अस्तराची शिवण उसवायची आणि आतली कातडी एकेक करून न्याहाळायची. मग सुई-दोरा काढून अस्तर होतं त्याहून सुबक शिवून टाकायची. उठून म्हणायची, "काही नाही." आणि लॉटरी लागल्यासारखी हसायची. "उत्तम!"

माझी रूममेट शलाका नागपूरची. कॅशवर असायची. ती म्हणायची, "बाप्पा, हिला सापडलं पाहिजे का नाही सापडलं पाहिजे, हे तरी विचार ना हिला!"

मी कशाला विचारते?

एकदा एका गिऱ्हाइकानं तक्रार केली, की एक बाई कात्रीनं कोट फाडते आहे. ब्रेंडा तणतणत आली. "कोकम, आमचा माल असा उसवता येणार नाही."

"तुझ्या मालाला फुकट टाके घालते तेव्हा बरी गप्प असतेस!"

"पुन्हा तक्रार आली तर मला तुला येऊ नकोस म्हणावं लागेल. आय मीन इट."

कोकमचा चेहरा एकदम एवढासा झाला. तिनं कात्री पिशवीत टाकली, पण कोट मांडीवरून काही खाली ठेवला नाही. तो अर्धा उसवलेला होता आणि तिला तो पुरता बघायचा होता, हे लांबूनही कळत होतं. ब्रेंडालाही कळलं असावं. तिनं माझ्याकडे बोट केलं. "तू बस हिच्यापाशी. काम झालं की कोट तपासून रॅकवर लाव. गिऱ्हाइकांना दिसणार नाही असं बसा."

अशी मी पहाऱ्यावर बसले. गप्प बसणाऱ्या माणसाशेजारी लोक बोलतात. कोकमही टाके घालता घालता, तुकड्यातुकड्यांनी बोलू लागली.

तिच्या गावाशी नदी फुटून मोठी दलदल होते. वडील तिथे सापळे लावायचे. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि ते फौजेत गेले. "कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या लोकांना तेव्हा मतसुद्धा देता येत नव्हतं. तरी गेले." मग सापळ्यांची वाट आईनं धरली आणि सोबत ही, छोटी. बर्फावर मस्करॅटनी बांधलेली लव्हाळ्यांची घरं शोधायची, ती फोडून आत सापळा लावायचा, पुन्हा लिंपून टाकायचं, नाहीतर पाणी गोठतं. "हात आईचे, बडबड माझी. आई म्हणायची, तुझ्या तोंडानं सगळे मस्करॅट अमेरिकेत पळतील."

युद्धामुळे भाव चढले होते. फर घेणारा दुकानदार कातड्यांवर फुंकर घालायचा आणि खूश होऊन म्हणायचा, "ओव्हरसीज! सगळं ओव्हरसीज जातंय, आपल्या सोल्जरांच्या अंगावर."

छोट्या कोकमनं ते ऐकलं. वडील कुठे आहेत विचारलं की मोठी माणसंही हेच म्हणायची. ओव्हरसीज.

"मग मी एक गोष्ट केली, कुणाला न सांगता," कोकम म्हणाली. "त्यांचे हातमोजे, मिटन्स, गळ्यात अडकवायची लोकरीची दोरी घरी राहिली होती. लाल. तिचा एकेक पदर काढायचा आणि प्रत्येक कातडीच्या आतून, कडेला, एक टाका. त्यांनी लगेच ओळखला असता. माझा टाका तिरका पडायचा. ते हसायचे त्याला."

"आईला कळलं नाही?"

"कळलं असणार. दोरी संपत चालली होती ना. बोलली नाही."

वडील परत आले नाहीत. इटलीत आहेत, मातीखाली. कोकम मोठी झाली आणि घरकामं करायला रेजिनात आली. पहिल्याच हिवाळ्यात तिनं पाहिलं, की शहरातल्या बायका मस्करॅटचे कोट घालून रस्त्यानं चालल्या आहेत. सोल्जर नव्हे, बायका, खरेदीच्या पिशव्या घेऊन. "माझी सगळी दलदल बाजाराला निघाली होती," ती म्हणाली आणि खो खो हसली. मग हसू थांबलं. "दुकानदार खोटं बोलला. पण सगळंच खोटं नसेल. थोडे तरी गेले असतील की नाही तिकडे?"

तेव्हापासून ती बघत होती. मालकिणींच्या कपाटांत, चर्चच्या खुंट्यांवर, आता आमच्या रॅकवर. ज्या कोटात लाल टाका नाही, तो बघून झाला की तिला बरं वाटायचं. इथे नाही, म्हणजे तिकडे गेला.

मी विचारलं, "आणि इथे सापडला तर?"

कोकमनं दोरा दातांनी तोडला. "तर मग त्यांना काहीच पोचलं नाही, नोसिम."

थोड्या वेळानं म्हणाली, "इटलीतही थंडी असते. मी विचारून घेतलंय."

मार्चअखेरीस बर्फ काळं पडून वितळायला लागलं आणि लोकांनी कपाटं साफ करायला घेतली. मागच्या खोलीत पोत्यांचा ढीग लागला. सोमवारी मी एकटीच टेबलाशी कपडे निवडत होते. एक तपकिरी कोट निघाला. कॉलरचे केस झडलेले, अस्तर लोंबत असलेलं. मी त्याच्यावर फुंकर घातली. ही सवय मला कधी लागली, कळलंच नाही. मस्करॅट होता. चांगला भरलेला.

अस्तर लोंबतच होतं, मी उचललं एवढंच. एका कातडीच्या कडेला एक टाका होता, बाकीच्या शिवणीपासून वेगळा, एकटा. रंग लाल म्हणवत नव्हता. जुन्या विटेसारखा. तिरका होता.

कोट शिवणाऱ्या कुणाही कारागिरानं हाताला येईल तो दोरा घेतला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही असेल. पण उद्या मंगळवार होता.

ब्रेंडा आत आली. "हा काय, रॅकवर लावायचा?"

"अस्तर गेलंय," मी म्हणाले. "कॉलरही झडली आहे."

"मग बेलमध्ये टाक."

न खपणारे कपडे आम्ही मशीनमध्ये दाबून त्यांचे गठ्ठे, म्हणजे बेल, बांधायचो आणि ट्रक ते घेऊन जायचा. इतके महिने मी गठ्ठे बांधत होते, पण कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. "हे सगळं जातं कुठे?"

ब्रेंडानं खांदे उडवले. "कोण जाणे. ओव्हरसीज."

मी कोटाची घडी घातली, फर आत ठेवून, आणि तो मशीनमध्ये ठेवला. गठ्ठ्याला पट्ट्या बसेपर्यंत तिथेच उभी राहिले.

मंगळवारी कोकम आली. "ससा," "बीव्हर," "पुन्हा ससा." रॅकवर मस्करॅटचा एकच कोट होता. तो तिनं उसवला, पाहिला, शिवला. मी शेजारी बसून होते.

"काही नाही," ती म्हणाली. "उत्तम!" आणि सुई पिशवीत ठेवता ठेवता थांबली.

माझ्या स्वेटरच्या बाहीला तपकिरी लोकरीचा एक पुंजका चिकटलेला होता. तिनं तो चिमटीत उचलला, तळहातावर ठेवला, अलगद फुंकर घातली. लोकर फुलली.

"मस्करॅट," ती म्हणाली. "हिवाळा सरतानाचा. भरलेला." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "कुठे आहे?"

"गेला," मी म्हणाले. "ओव्हरसीज."

कोकमनं तळहात हळूच मिटला. कॅशवर शलाका कुणाला तरी सुट्टे परत करत होती. अस्तर उचललंस का, आत काय होतं, हे कोकमनं विचारलं नाही.

मग तिनं पुंजका आपल्या मिटनमध्ये, आत बोटांपर्यंत सारला, त्याच्यावरून हात आत घातला आणि बस पकडायला निघाली.