तात्पुरत्याची फांदी

लातुरातल्या एका इमारतीत खालच्या मजल्यावर मेडिकल प्रवेशाचे क्लासेस होते आणि वरच्या मजल्यावर शासनाचा शब्दजोडणी कक्ष. मराठीतला प्रत्येक शब्द 'वस्तुवृक्ष' नावाच्या संगणकी झाडाच्या कुठल्या ना कुठल्या फांदीला बांधायचा, एवढेच कक्षाचे काम. गाय हा प्राणी, प्राणी सजीव. फांदीला जे लागू, ते तिच्या प्रत्येक पानाला लागू. यंत्राला मराठी कळावी म्हणून ही व्यवस्था होती. माणसांना कळते की नाही, हा विषय दुसऱ्या विभागाकडे होता.

झाड पुरे होण्याआधीच त्याचे उद्घाटन झाले आणि नागरिकांचे अर्ज यंत्र वाचू लागले.

पहिल्याच आठवड्यात निलंग्याकडची सरजाबाई जिना चढून आली. भूकंपात घर गेले तेव्हा तिला पत्र्याचे शेड मिळाले होते. त्याच शेडातून तिच्या लेकी सासरी गेल्या, त्याच शेडात नातवंडे खेळली. आता गुडघ्यांना घागर झेपत नव्हती, म्हणून तिने दारात नळ मागितला होता. यंत्राने कळवले होते : 'सदर वास्तू अस्तित्वात नाही.'

कक्षातल्या भाषातज्ज्ञ मालविका मॅडमनी झाड उघडून पाहिले.

"मावशी, तुमचं शेड म्हणजे तात्पुरता निवारा. तात्पुरती गोष्ट सहा महिन्यांत संपते, असा त्या फांदीचा नियम आहे. म्हणजे तुमचं शेड केव्हाच संपलं."

"मग मी कुठं राहायले, बाई?"

"यंत्राच्या मते तुम्ही राहत नाही."

"बरं हाय. मग लाईटबिल कुणाला येतंय?"

हा प्रश्न कक्षाच्या कार्यकक्षेत नव्हता.

कक्षप्रमुख अंबरीश साहेब व्यवहारी होते. त्यांनी शेड उचलून 'कायम' फांदीवर बांधायला लावले. संध्याकाळपर्यंत यंत्राने जाहीर केले की सर्व भूकंपग्रस्तांना कायमची घरे मिळाली असून त्यांच्यासाठीची नळयोजना बंद करण्यात येत आहे. मुंबईहून साहेबांच्या अभिनंदनाचा फोन आला. साहेब घाबरले. शेड परत मूळ फांदीवर गेले आणि पुन्हा असा घोळ नको म्हणून जे जे तात्पुरते, ते सगळे तिथेच आवळून बांधण्यात आले.

त्या महिन्यात मालविका मॅडमचा पगार झाला नाही. त्या कंत्राटी, म्हणजे तात्पुरत्या.

"मॅडम, तुम्ही अस्तित्वात नाही. राग मानू नका," साहेब म्हणाले.

"मग हे झाड कुणी केलं?"

"यंत्रही तेच विचारतंय."

मॅडमना 'कायम' फांदीवर न्यावे का, अशी विचारणा मुंबईला केली. उत्तर तातडीने आले. मॅडम अस्तित्वात नसल्या तरी चालेल, कायम होता कामा नयेत.

तेव्हा साहेबांनी नवीन फांदी फोडली : 'कायमचे तात्पुरते'. नियम असा, की या फांदीवरच्या सर्व गोष्टी अस्तित्वात आहेत, फक्त त्यांची वेळ आलेली नाही. मुंबई खूश झाली. शेडे आली, कंत्राटी गुरुजी आले, उन्हाळ्याचे टँकर आले. खालच्या मजल्यावरची पोरे तर थव्याने येऊन बसली. त्यांची हजेरी मुखेडच्या कॉलेजात लागत होती, देह लातुरात होता आणि परीक्षेला यंदा परत बसायचे होते.

सरजाबाईला नवे उत्तर मिळाले : 'नळ मंजूर. वेळ आल्यावर मिळेल.'

ती पुन्हा जिना चढून मालविका मॅडमकडे आली. "आन् वेळ कवा येणार?"

"झाडात तारीख नसते, मावशी."

"तुमची कवा येणार?"

"पुढच्या मार्चमध्ये कायम करू म्हणतात. दरवर्षी म्हणतात."

सरजाबाई जिन्याकडे वळली. "मग या की शेडात राहायला. सोबत हुईल. घागर तेवढी तुमची तुमी आना."

यंत्र आता बरेच हुशार झाले आहे. शब्द संपल्यावर ते वाक्येही बांधू लागले. 'पोराची ॲडमिशन होऊ दे, मग निवांत जगू', 'एवढा व्याप सरला की आईला भेटून येऊ', 'सध्या भाड्याने राहू, मग बघू' ही वाक्ये त्याने कुणी न सांगता त्याच फांदीला बांधली. वाक्यांचे नमुने वाचकांच्याच घरांतून गोळा केलेले होते.

तेव्हा या गोष्टीला हसून झाले असेल, तर निघा. सरजाबाईने शेडात जागा करून ठेवली आहे. घागर तेवढी तुमची तुम्ही न्या.