न वितळणारं आयसिंग

मे महिन्याच्या भर उन्हात, मोशीतल्या आपल्या घराच्या गच्चीवर पूनम छत्री उघडून एका केकच्या राखणीला बसली होती. छत्री तिच्यापुरती होती. केकला सावली लागू द्यायची नव्हती, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

चाकणजवळच्या एका छोट्या कंपनीत पूनम केकवर लावायची नवी नवी आयसिंग तयार करायची. गेल्या उन्हाळ्यापासून तिनं एकच ध्यास घेतला होता. दुचाकीवरून निघालेला केक उन्हातान्हातून, खड्ड्यांतून आणि गतिरोधकांवरून जाऊन गिऱ्हाइकाच्या दारात जसाच्या तसा उतरला पाहिजे. तिचं पहिलं आयसिंग मोशीला पोचेपर्यंत केकवरून खाली उतरलं आणि खोक्याच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. दुसरं घट्ट निघालं, पण पहिल्याच गतिरोधकाला त्याला आडवी भेग गेली. हे तिसरं होतं. हे जमलंय याबद्दल पूनमला तिळमात्र शंका नव्हती. तशी तिला कशाबद्दलच शंका नसे.

शंका होती ती अंजली मॅडमना. पिंपळे सौदागरपासून चाकणपर्यंत ज्या बेकरीची दुकानं पसरली होती, तिथली खरेदी त्या बघत. "तुमच्या लॅबमधल्या भट्टीची उष्णता मला सांगू नका," त्या म्हणाल्या होत्या. "खऱ्या उन्हात ठेवून दाखवा."

"मग आमच्या गच्चीवरच या की," पूनम म्हणाली होती. "दुपारभर तापवून ठेवते."

मॅडम गेल्यावर कंपनीचे मालक प्रितम सर हळूच म्हणाले होते, "पूनम, या वेळी नाही जमलं तर लॅबच्या खोलीत मी साखरेच्या गोण्या ठेवणार आहे. तू गोण्या तपासायला जायचंस." बोलणं गोड होतं, पण माणूस शब्दाचा पक्का होता.

म्हणून सकाळी पूनम चाकणहून केक स्कूटरवर घेऊन आली, गच्चीवर ठेवला आणि वर जाळी झाकली. केकवर लाल अक्षरात 'हॅपी बर्थडे' लिहिलेलं होतं. उन्हात अक्षरंही ओघळता कामा नयेत, म्हणून लॅबमधल्या प्रत्येक केकवर तेच लिहिलेलं असे. त्यासाठी कुणाचा वाढदिवस असायची गरज नव्हती.

घरात मात्र त्या दिवशी खरोखरच वाढदिवस होता. पूनमचा धाकटा दीर बंटी, जमिनीच्या व्यवहारांत असलेला आणि चार पोरांत उठबस असलेला, त्या दिवशी वर्षानं मोठा झाला होता. पूनमनं सकाळी त्याला शुभेच्छाही दिल्या होत्या. पण गच्चीवरचा केक आणि घरातला वाढदिवस यांची गाठ पडू शकते, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. ज्यांना शंका येत नाहीत त्यांचं असंच होतं.

"पूनम, भाकरी गार व्हाय लागलीया. खाली ये बघू," सासूबाई शालनबाईंनी जिन्यातून हाक मारली. पूनम जेवायला खाली आली. तेवढ्यात बंटी, त्याचा जिवलग ओम आणि आणखी दोन-तीन पोरं मागच्या जिन्यानं फोटो काढायला गच्चीवर चढली.

पूनम तोंड पुसत वर आली तेव्हा केक अर्धा उरला होता, आणि तोही वरचं आयसिंग ओरबाडून निघालेला. बाकीचा अर्धा बंटीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सारखा पसरला होता.

"काय राव वहिनी," बंटी भारावून म्हणाला, "एवढं सरप्राईज ठेवलं आणि बोलला पण नाहीत."

त्याचा तरी काय दोष? या भागात केक कापायचा तो फासण्यासाठीच. पहिला तुकडा फोटोपुरता ओठांना लावतात आणि मग ज्याच्यावर माया जास्त, त्याच्या तोंडाला जास्त केक. बंटीवर पोरांची माया फार होती.

मॅडम थोड्याच वेळात येणार होत्या. दुसरा केक चाकणला होता आणि तो तर सकाळपासून गार खोलीत बसला होता. उन्हात तापलेला केक आता पूनमला कुठून मिळणार होता?

"वहिनी," बंटी म्हणाला, "चेहरा ओढल्यासारखा होतोय."

पूनमचं हे आयसिंग मोठं गुणी होतं. केकवर जाड थर असला की त्याची फक्त वरची साय घट्ट व्हायची आणि आत ते मऊ राहायचं. पण पातळ फासलं की सगळ्याची साय. ओमनं बादली आणून मित्राच्या तोंडावर पाणी मारलं. पाणी अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून गेलं. टॉवेलनं घासलं, तर चकाकी वाढली.

"भावा, ह्ये निघंना," ओम म्हणाला.

पूनम मात्र टक लावून बंटीच्या गालाकडे बघत होती. बघता बघता तिचा जीव भांड्यात पडला.

"निघतं," ती म्हणाली. "कोमट खोबरेल तेलानं चोळलं की निघतं. काही अपाय नाही, खायचीच वस्तू आहे."

"मग आणा की तेल," बंटी ओठ न हलवता म्हणाला. आता त्याचे फक्त डोळे हलत होते.

"आणते. मॅडम बघून गेल्या की लगेच. तोवर तुम्ही इथं उन्हात बसा, भाऊजी."

आरडाओरडा ऐकून शालनबाई वर आल्या. मुलाकडे बघून त्या मटकन पायरीवर बसल्या. "अगं माझ्या लेकराचा पुतळा केलास का काय?"

"आई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे," पूनम म्हणाली आणि तिनं गोण्यांची गोष्ट थोडक्यात सांगितली.

शालनबाईंनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा मुलाकडे. "मंग बस रं जरा," त्या म्हणाल्या. "दरसाली थोबाडाला केक फासून घितोस. आजवर कुणाच्या कामी आलाय का त्यो?"

बंटी बसला. मधूनच तो पाण्याच्या टाकीच्या सावलीकडे सरकायचा आणि पूनम त्याची खुर्ची पुन्हा उन्हात ओढायची. ओम सगळ्याचा व्हिडिओ काढत होता. मित्राला त्याहून जास्त मदत करणं त्याला शक्य नव्हतं.

अंजली मॅडम आल्या, गच्चीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "केक कुठंय?"

"तुम्हाला आयसिंग बघायचंय ना, मॅडम?" पूनम ठणकावून म्हणाली. "हे बघा. हे माझे दीर."

बंटी आदबीनं उठून उभा राहिला. "नमस्कार मॅडम," तो दातांच्या फटीतून म्हणाला.

मॅडमनी पर्स खाली ठेवली. पूनमनं काय झालं ते सगळं खरं खरं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. मग मॅडमनी बंटीच्या गालावर नख वाजवून बघितलं, कपाळ निरखलं, मान वळवायला लावली. हातातल्या बाटलीतलं पाणीही त्याच्या नाकावर ओतून बघितलं.

"वरून ऊन आणि आतून घाम," पूनम म्हणाली. "एवढा छळ तर केकचासुद्धा कुणी करत नाही. तरी ओघळ नाही, भेग नाही."

"खरंय," मॅडम म्हणाल्या. "उन्हाचा प्रश्न मिटला." पूनमचा चेहरा खुलला. मॅडम पुढे म्हणाल्या, "पण हे द्यायचं कुणाला? आमचे निम्मे केक वाढदिवसाचे असतात, पूनम, आणि त्यातले बहुतेक तोंडालाच लागतात. उद्या दुकानापुढे असे पुतळे रांगेनं येऊन उभे राहिले तर मी तेल वाटत बसू का? फासता येत नाही तो केक इकडे कुणी घेणार नाही."

ऊन, खड्डे, फ्रिज, पाऊस, सगळ्याचा विचार पूनमनं केला होता. तोंडाचा नव्हता केला. साखरेच्या गोण्या डोळ्यांपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि ती रडायच्या बेताला आली.

शालनबाईंनी तोवर तेल कोमट करून आणलं होतं. त्या चोळत गेल्या तशी एकेक साल निघत गेली आणि खालून लालबुंद बंटी बाहेर आला. जबडा मोकळा झाल्याबरोबर आईनं उरलेल्या केकचा एक मोठा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला. तो उन्हात उपाशीच बसला होता.

बंटी चावत राहिला. मग थांबला.

"आई, ह्याच्यात अननस असतो व्हय?"

"इतक्या वर्षांत कधी खाल्ला नाहीत?" मॅडमनी विचारलं.

"खायला उरतो कुठं, मॅडम?" बंटी म्हणाला आणि त्यानं दुसरा तुकडा उचलला. त्याचं बघून ओमनं एक उचलला. मग बाकीच्यांनी.

पूनमनं डोळे पुसले. गेलेला आत्मविश्वास परत यायला तिला फार वेळ लागत नसे. "मॅडम," ती म्हणाली, "याच आयसिंगचा मोठा केक लॅबमध्ये तयार आहे. ओम आत्ता जाऊन घेऊन येईल. संध्याकाळी चौकात भाऊजी तोच कापतील. लोकांना नाही आवडला, तर मी उद्यापासून गोण्या मोजते."

"थांबते मी," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी चौकात बंटीच्या मोठ्या फोटोचा फ्लेक्स, खाली टेबल, टेबलावर केक आणि भोवती मोशीतली झाडून सगळी पोरं जमली. बंटीनं केक कापला. सवयीनं दहा-बारा हात केकमध्ये जायला निघाले आणि वाटेतच थबकले. ओमचा व्हिडिओ दुपारीच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरून आला होता. पूनमनं काही न बोलता कागदी बशा पुढे केल्या. पोरांनी एकेक बशी घेतली आणि मुकाट्यानं खाऊ लागली. गाणं लावायचंही कुणाला सुचलं नाही. चौकात माना खाली घालून उभी राहिलेली पोरं आणि त्यांच्यामागे बंटीचा भलामोठा हसरा फोटो.

शेजारचे रंगराव शेतावरून मोटारसायकलवर येत होते. त्यांनी गाडी थांबवली, फोटोकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कवा झालं गं पोरी?" त्यांनी घोगऱ्या आवाजात पूनमला विचारलं. "सकाळी तर बोलला व्हता माझ्याशी."

"कुणाला काही झालं नाही, काका," पूनम म्हणाली. "पोरं केक खातायत."

रंगरावांना ते काही पटेना. तेवढ्यात बंटी बशी घेऊन पुढे आला आणि त्यांच्या पाया पडायला वाकला. रंगराव दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी त्याचा दंड दाबून खात्री करून घेतली, केक घेतला, खाल्ला आणि बशी पुन्हा पुढे केली.

"अजून हाय का? घरी म्हातारीला न्हेतो."

त्यांच्या मागोमाग आणखी बशा पुढे आल्या. टेबलावर केकचा कणही उरला नाही. बेकरीच्या धंद्यात इतकी वर्षं काढून अंजली मॅडमनी हे दृश्य पहिल्यांदाच बघितलं होतं. त्यांनी पर्समधून मोबाइल काढला आणि प्रितम सरांना फोन लावला.

"आयसिंग पास," त्या म्हणाल्या. "सगळ्या दुकानांना पाठवा. फक्त खोक्यावर ठळक अक्षरात एक ओळ छापून द्या, की हा केक खायचा आहे."