जुनं दाखवा, नवं घ्या

द्रोणागिरीच्या एका शीतगृहात सुभेदार जगदाळे स्टोअर सांभाळतात. नवा झाडू हवा असेल तर जुन्याचा बुडखा त्यांच्या टेबलावर ठेवावा लागतो. बल्ब फुटला तर काचा गोळा करून न्यायच्या. खुद्द मॅनेजरला पेन मिळालं ते संपलेली रिफिल दाखवूनच. "जुनं दाखवा, नवं घ्या," हा त्यांचा जप. युद्धात ते वरच्या ठाण्यांना रसद पुरवायचे. "तिथं एक काडेपेटी वाया गेली, की वर कुणीतरी थंड जेवतं," असं म्हणतात आणि समोरच्याच्या अर्ध्या राहिलेल्या चहाकडे रोखून बघतात.

माझा धंदा बारदानाचा, म्हणजे रिकाम्या गोण्यांचा. पाठीवर गोण्या वाहून इथवर आलो. लोक टाकतात त्यावर माझं घर चालतं, आणि हा माणूस काही टाकूच देत नाही. बटाट्याची फाटकी गोणी मागितली की उत्तर ठरलेलं, "शिवून घेतली, शेठ." सगळ्याच? मला पटेना. मागच्या दाराने दुसऱ्या कुणाला देत असणार. इतका कडक माणूस आतून साफ असतो, असं मी बाजारात कधी पाहिलेलं नाही.

मी फेऱ्या वाढवल्या, आणि एकदा सापडलेच. थंड खोलीत जाणाऱ्या हमालांना ते कोरे हातमोजे वाटत होते. जुने कुणी दाखवले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. एकाने तर परवाच नेले होते. माझं डोकं तापलं. हे मॅनेजरला सांगितलं की सुभेदार घरी आणि गोण्या माझ्या.

हातातला चहा टेबलावर आदळून मी सगळ्यांसमोर विचारलं, "काय सुभेदार, मोज्यांना नियम नाय वाटतं?"

त्यांनी आधी हमालांना कामाला पाठवलं. मग खिडकीतून गेटवरच्या वॉचमनकडे बघत म्हणाले, "हा शंकर. युद्धात माझ्याकडं मोजे मागाय आलता. जुने दरीत पडले म्हनला. मी म्हनलं, जुनं दाखव. तसाच वर गेला. बोटं बर्फात गेली त्याची."

शंकर उजवा हात कायम खिशात का ठेवतो, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"म्हणून त्याला इथं नोकरी लावलीत?"

"न्हाय, शेठ. त्यानं मला लावली."

गोण्यांचा राग अजून आहे. पण मॅनेजरची केबिन वाटेत असूनही मी सरळ गेटकडे निघालो. मागून हाक आली, "शेठ, चहा तसाच टाकलात."

मी परत फिरलो आणि तो गार चहा उभ्या उभ्या संपवला.